एका नगाऱ्याचे दोन गुन्हेगार

१

धामणखेडच्या महादेवाचा नगारा मेला, ही बातमी बुधाजी जमादाराला तोंड धुतानाच कळली. सांगायला खुद्द देवस्थानाचे अध्यक्ष उत्तमराव आले होते. पायात चप्पल नव्हती, म्हणजे देवळातून थेट आले होते.

"चाकूनं फाडला, बुधाजी. तोंडच फाडलं. माह्या बापाच्या नावानं देल्ली वस्तू."

बुधाजी बडनेऱ्याला रेल्वे पोलिसात जमादार होता. निवृत्त होऊन गावी परतल्यापासून कुणाची कोंबडी हरवली तरी हाक त्यालाच. पाकीटमार पकडण्यात जन्म गेला, पण नगाऱ्याचा खून त्याने कधी हाताळला नव्हता. टॉवेल खांद्यावर टाकून तो निघाला.

धामणखेड हे वलगावच्या पुढे, पेढी नदीकाठचं गाव. तिथल्या नगाऱ्याचा मान पिढ्यानपिढ्या रऊफभाईच्या घराकडे. दोन्ही वेळच्या आरतीला त्या घरानं नगारा वाजवायचा आणि सुगीला गावानं त्यांना घरटी ज्वारी द्यायची, असा रिवाज. पण ज्या सालांत कापसानं वऱ्हाडाला दगा दिला, त्या सालांत ज्वारीचं माप आधी अर्धं झालं, मग पसाभर, आणि शेवटी लोक रऊफभाईला पाहून दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागले. तेव्हा उत्तमरावांनी अकोल्याहून आरतीचं मशीन आणलं. लोखंडी स्टँड, त्यावर तोंड पुढे केलेला नगारा, दोन घंटा, झांजा. बटण दाबलं की दोन लोखंडी हात नगारा बडवत आणि एका डब्यातून सनई निघे. त्या मशीनला ज्वारी लागत नव्हती.

देवळात मोरोपंत पुजारी खांबाला टेकून बसले होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"काय झालं, पंत?"

"काल संध्याकाळी लोडशेडिंग. टाळ्यांवर आरती केली, मशीनवरचं फडकं काही काढलं नाही. आज बटण दाबलं तर मोटर घुरघुरली, ठोका नाही. उत्तमरावांनी फडकं ओढलं. मला नुसतं काळं भोक दिसलं."

बुधाजी जवळ गेला. भोक भाकरीएवढं होतं, नगाऱ्याच्या खालच्या अंगाला. त्याने कडेवरून बोट फिरवलं. कड जाड आणि गोल होती, नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत. चाकूनं कापलेलं असं नसतं. मशीनचे दोन्ही हात मागे ओढून पांढऱ्या दोऱ्यानं स्टँडला बांधलेले होते, गाठ मऊ. फडक्याला कुठेही इजा नव्हती. आणि खाली फरशीवर साऱ्या धुळीत एक चकती तेवढी ओल्या कापडानं पुसून काढल्यासारखी स्वच्छ.

मोडायला आलेला माणूस फरशी पुसून जातो, हे बुधाजीला काही समजेना.

"किल्ल्या किती?"

"तीन," उत्तमराव म्हणाले. "एक पंतांची, एक माही. अन् एक रऊफची. पिढीजात हाय, कोणी परत मांगतली नाही." मग ते थोडे जवळ आले. "परवा श्रावणातला शेवटचा सोमवार, पालखी हाय. उद्या सांजच्या बैठकीत मले नाव पाह्यजे. नाही तर सोमवारी सकाळी मी ठाण्यात जातो, अन् कोनाचं नाव लिहून देतो ते तुमाले माहीत हाय."

ते सगळ्यांनाच माहीत होतं.

२

रऊफभाईच्या घराकडे जाताना नाक्यावर चार-पाच पोरं पानठेल्याशी उभी होती. एक जण मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "देवाच्या वस्तूले हात लावते म्हणजे काय." दुसरा म्हणाला, "ठाण्यात काहून जायचं, घर हाय नं समोर." बुधाजीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ती गप्प झाली, पण हलली नाहीत.

रऊफभाई खाटेवर बसला होता. हवा अशी की अंगातून पाणी निथळावं, आणि त्याने शाल पांघरलेली. बुधाजी शेजारी बसला. रईसाबीनं, त्याच्या बायकोनं, चहा आणला. बुधाजीच्या हातात कप दिला. नवऱ्याचा चहा बशीत ओतून स्टुलावर ठेवला. रऊफभाईनं बशी उचलली नाही, मान खाली करून घोट घेतला.

"गरम हाय," तो म्हणाला.

बुधाजीचा चहा मात्र कोमट होता.

"रऊफभाई, देवळाची किल्ली?"

"खुंटीले हाय. देखो."

"परवा, काल, कोनी गेल्तं तिकडं?"

"पंतांचा निरोप आला होता," मधेच रईसाबी म्हणाली. "मशीनचा आवाज बसला, सोमवारी पालखीले मियाँनं जुना नगारा घेऊन यावं म्हणून."

"मंग तर खुशीची गोष्ट झाली."

"हाव," रऊफभाई म्हणाला. पण तोंडावर खुशीसारखं काही उमटलं नाही.

बुधाजीचा गोंधळ वाढला. ज्याला परवा मानानं बोलावणं आहे, त्यानं आज नगारा कशाला फाडावा? हेच तो बोलून दाखवणार, तेवढ्यात रऊफभाई शांतपणे म्हणाला, "जमादारसाब, गावाले फिरवू नका. मीच फाडला. चाकूनं."

दारात रईसाबीनं केटली खाली ठेवली.

"कोन्त्या चाकूनं?"

"घरच्या."

"दाखवा."

"पेढीत फेकला."

पेढी तेव्हा दुथडी भरून चालली होती. त्यात फेकलेला चाकू कोण शोधणार? बुधाजी उठला. कबुली मिळाली की पोलिसाला हलकं वाटतं. त्याला उलट जड वाटत होतं.

३

देवळाच्या मागच्या चिंचेखाली मोरोपंतांनी त्याला गाठलं. हातात काठी, धोतराचा सोगा चिखलात.

"बुधाजी, रऊफकडं गेला होतास?"

"हो जी."

"त्याला सोड. ते मी केलं."

"तुमी?"

"मीच. त्या मशीनपायी माझे मंत्र मलाच ऐकू येत नाहीत. डोकं फिरलं. नारळ सोलायच्या कोयत्यानं हाणला."

"अन् मंग मशीनचे हात काहून बांधले?"

"कोणते हात?" मोरोपंत म्हणाले.

"फरशी काहून पुसली?"

पंतांनी काठी चिखलात रुतवली.

"पंत, साठ वर्सं देवाची पूजा केली. खोटं बोलाची सवय नाही तुमाले. कोयत्यानं हाणलं असतं तर नगारा चिरला असता. जरा तयारी करून तरी याचं."

पंत काठीवर रेलले. "नाक्यावरची पोरं काय बोलतात ऐकलं ना? रऊफचं नाव ठाण्यात गेलं तर त्याच्या दारावर दगड पडेल. माझं गेलं तर फार तर पूजा जाईल. दुसरा पुजारी येईल, त्याला दिसतही असेल."

"म्हणजे त्यानंच केलं असं तुमाले वाटते?"

"वाटतं. आणि दोष माझा वाटतो. मीच त्याला निरोप धाडला. इतके महिने अडगळीत टाकून गरज पडल्यावर हाक मारली. माणसाला राग येणारच."

"मशीन खरंच नको होतं तुमाले?"

"खरं सांगू? कळत नाही. रऊफ होता तेव्हा मी धापा टाकायला लागलो की तो ठोका सैल सोडायचा. कधी सांगावं लागलं नाही. मशीन थांबत नाही, मीच त्याच्यामागं पळतो. पण मशीन रुसत नाही, दमत नाही, बाहेरगावी जात नाही. पहाटे बटण दाबलं की हजर. देवाला काय पाहिजे, माझं सुख की वेळेवर नगारा? उद्या बैठकीत मी मात्र हेच सांगणार, मी केलं म्हणून."

"तो बी हेच सांगनार हाय."

"मग तू ठरव," पंत म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

४

"एका चोरीले चोर सापडत नाही असं लय पाह्यलं," जेवताना बुधाजी म्हणाला. "एका नगाऱ्याले दोन गुन्हेगार, असं पह्यल्यांदाच."

चतुराबाईनं, बुधाजीच्या बायकोनं, त्याच्या ताटात भाकरी टाकली. "दोघायले अर्धा-अर्धा तुरुंग द्या."

"मजाक करू नको. उद्या सांजपर्यंत उत्तर पाह्यजे."

"उत्तमभाऊले इचारलं? का अध्यक्ष म्हणून त्यायले सूट?"

याच टोमण्यापायी तो दुपारी उत्तमरावांच्या दुकानात गेला. दुकान बी-बियाणांचं. ऐन श्रावणात गिऱ्हाईक नव्हतं, रिकाम्या पोत्यावर मांजर झोपलेलं.

"मी फाडीन माह्या बापाच्या नावाची वस्तू?" उत्तमराव रागावले नाहीत, थकल्यासारखे बोलले. "बुधाजी, लोकायले वाटते मी रऊफच्या पोटावर पाय देला. ज्वारी कोनी बंद केली? मी का गावानं? मागच्या साली चिकनगुनिया आला तवा सारं गाव वाकून चालत होतं. रऊफ महिनाभर उठला नाही. देव मुका झाला देव. तवा म्हटलं, माणसाच्या भरवशावर देवाचं काम ठेवू नये. माणूस आजारी पडते, मरते. मशीन दुरुस्त होते."

"पन मशीनबी बसलंच की."

"पावसाळा लागल्यापासून आवाज मेल्यावानी येत होता, खरं हाय. ढब्ब, ढब्ब. मी अकोल्याच्या पोराले फोन केला, तो म्हणे येतो, आला नाही."

"कोन्तं पोरगं?"

"अद्वैत म्हणून हाय. ज्याच्याजवळून घेतलं तो."

घरी परतल्यावर चतुराबाई म्हणाली, "नवरा मेला कशानं हे बायकोले नाही, डॉक्टरले इचारतेत. ज्यानं विकलं त्याले जाऊन पाहा."

बुधाजी पुन्हा देवळात गेला. भोकाच्या खालच्या कडेला एक थेंब लोंबत होता, वाळलेल्या डिंकासारखा. त्याने तो नखानं मोडला आणि रुमालात बांधला.

५

रविवारी सकाळची गाडी त्याने बडनेऱ्याहून धरली. जुन्या ओळखीच्या हमालानं त्याला खिडकीची जागा दिली आणि कशासाठी चालला म्हणून विचारलं. नगाऱ्याच्या पोस्टमॉर्टेमसाठी, असं बुधाजीने सांगितलं. हमाल हसला नाही, बरं म्हणाला.

अकोल्यात अद्वैतचं दुकान बाजारातल्या एका माडीखाली होतं. आत तीन मशीनं उभी होती, त्यांचे हात थबकलेले. तिशीचा तरुण, बोलायला गोड. त्याने रुमालातला थेंब उजेडात धरला.

"काका, हे फाटलेलं नाही. वितळलंय."

"कातडं वितळते?"

"कातडं कुठलं? फायबर आहे. वर रंग असा देतात की कातड्यासारखं दिसावं. भाविकांना तसं आवडतं. पण पाऊस पडो, धुकं पडो, त्याला फरक पडत नाही."

"मंग पावसाळ्यात आवाज काहून बसला?"

"तुमच्या गावाला व्होल्टेज किती येतं?"

बुधाजी हसला. "दिवा लागला का नाही हे पाहाले काडी पेटवा लागते."

"तेच. व्होल्टेज पडलं की मोटर मंद फिरते, ठोका ढिला पडतो. नगाऱ्यात दोष नाही काका, हातात आहे."

बुधाजीच्या मनात काहीतरी हललं, पण काय ते धरता आलं नाही. त्याने दुसरंच विचारलं. "त्या डब्यातली सनई कोनाची?"

"चिप आहे ती. तयार येते."

"पन कोनीतरी फुंकली असंनच."

"असेल कुणीतरी. एकदा फुंकली, आता हजार देवळांत वाजते."

"त्याले माहीत हाय?"

अद्वैत हसायला गेला आणि मध्येच थांबला. "मी लग्नांत कीबोर्ड वाजवतो. बासरी, ढोलक, व्हायोलिन, सगळं एका बोटावर. माझ्यामुळे चार जण घरी बसले, त्यातला एक माझा मामा. आता पार्टी विचारते, लॅपटॉप लावून दिला तर तुम्ही कशाला? मलाच समजत नाही काका, मी मशीनच्या बाजूचा की माणसांच्या."

"मले तरी कुठं समजून राह्यलं," बुधाजी म्हणाला.

परतीच्या गाडीत तो डोळे मिटून बसला. वितळलं, म्हणजे कुणी आच दिली. मशीनचे हात आधी बांधले, ते आचेत येऊ नयेत म्हणून. फडकं काढून ठेवलं आणि काम झाल्यावर पुन्हा घातलं. खाली पडलेली राख पुसली. हे तोडणाऱ्याचं काम नाही, जपणाऱ्याचं आहे. दमट हवेत कातडं सैल पडतं आणि आचेनं पुन्हा ताणतं. नगारा थंड पडला म्हणून कुणीतरी त्याला शेक दिला होता.

आणि धामणखेडात नगाऱ्याला शेक देणारं घर एकच. पावसाळ्यात आरतीआधी गोवरीचे निखारे शेगडीत घालून नेणारी बाईही एकच. ती शेगडी ठेवायची, हात जोडायची आणि मागे सरायची. कातड्याला हात लावायचा तो वाजवणाऱ्यानं, बाईनं नाही, असा त्या घराचा रिवाज. रऊफभाई असता तर तळहात टेकताच त्याला कळलं असतं की हे कातडं नव्हे. जिनं कधी हात लावला नाही तिलाच ते कळणार नाही.

कोणी केलं ते कळलं. पण ज्या मशीननं नवऱ्याला घरी बसवलं, त्याच मशीनची शुश्रूषा बायको का करते? मुर्तिजापूर गेलं, बडनेरा जवळ आलं, तरी त्याला ते सुटेना. मग दोष हातात आहे, हे अद्वैतचं बोलणं आठवलं. त्याबरोबर स्टुलावरची बशीही आठवली, आणि बडनेऱ्याला गाडी थांबली तरी तो जागचा उठला नाही.

६

"रऊफभाई, शाल काढा," बुधाजी म्हणाला.

रऊफभाई हलला नाही. रईसाबीनं दार लोटून घेतलं.

"नका काढू मंग. मीच सांगतो. शुक्रवारी दुपारी देऊळ बंद होतं. रईसाबी शेगडी घेऊन गेल्या. मशीनचे हात बांधले, शेक देला. तोंड वितळाले लागलं तशा घाबरल्या. राख पुसली, फडकं बांधलं, घरी आल्या. खरं का खोटं?"

"जळका वास आला होता," रईसाबी हळू म्हणाली. "पह्यले वाटलं, कातड्याचा पह्यला शेक हाय, येत असंल वास. मग ते मेणावानी ओघळलं. मैं क्या करती, जमादारसाब. कातड्याले मी कधी हात लावला नाही, माह्या सासूनंबी नाही."

"चूप," रऊफभाई म्हणाला.

"काहून चूप? चोरी केली का?"

"पन मशीनले शेक काहून द्याचा? तेच मले समजत नाही. समजते, पन तुमच्या तोंडून पाह्यजे."

रईसाबीनं नवऱ्याकडे पाहिलं. मग तीच उठली आणि तिने शाल काढली. रऊफभाईची दोन्ही मनगटं सुजून गाठाळली होती, बोटं आत वळलेली. मागच्या सालचा ताप सगळ्यांचा उतरला, त्याच्या सांध्यांतून निघाला नव्हता.

"मशीन आलं तवा मी देवाचे उपकार मानले," ती म्हणाली. "लोक म्हणाले, मशीननं रऊफचं काम नेलं. म्हणू दे. हात गेले म्हणन्यापेक्षा ते बरं होतं. मग आवाज बसला आणि पंतांचा निरोप आला, पालखीले या. आता काय सांगाचं? म्हटलं, मशीनचा आवाज सुधारला तर हे बोलावणं टळन. म्हणून गेली."

बुधाजी म्हणाला, "मी हे बैठकीत सांगतो. गुन्हाच नाही झाला."

"नाही," रऊफभाई म्हणाला. "मले ठाण्यात पाठवा. लोक म्हणतीन, नगाऱ्यासाठी गेला. चालते मले. खरं सांगतलं तर उद्यापासून जो तो दारात येऊन माहे हात पाहीन. ते नाही चालत."

"अन् नाक्यावरची पोरं? दारावर दगड आला तर?"

हातांबद्दल बोलणार नाही, एवढा शब्द देऊन बुधाजी उठला. खरं बोलावं तर माणूस उघडा पडतो, झाकावं तर घर जातं. नोकरीत बरं होतं, वर साहेब असायचा.

७

रविवारच्या बैठकीला सभामंडप भरला. बायका पायऱ्यांवर, नाक्यावरची पोरं खांबांना धरून. वीज होती म्हणून उत्तमरावांनी पंखा लावला, तो नावापुरता फिरत होता.

मोरोपंत उठायला लागले तसा बुधाजीने त्यांचा सोगा धरून त्यांना खाली बसवलं.

"मी नाव सांगाले आलो नाही," तो म्हणाला. "गुन्हाच नाही, तर नाव कशाचं? या नगाऱ्याले कोनी चाकू लावला नाही. या, बोट फिरवून पाहा कडेवर. हे वितळलं हाय. अकोल्याच्या दुकानदारानं सांगतलं, हे कातडंच नाही, प्लास्टिक हाय."

"प्लास्टिक?" उत्तमराव उठून मशीनपाशी गेले. त्यांनी स्वतः बोट फिरवलं. "मले कातडं म्हणून देलं."

"आवाज बसला तो थंडीनं नाही, व्होल्टेजनं. पन आपल्या गावात आवाज बसला की नगाऱ्याले शेक देतेत. कोनीतरी चांगल्या मनानं देला. तोडाचं असतं तर त्यानं मशीनचे हात मोडले असते, दोऱ्यानं बांधून ठेवले नसते."

"कोनी देला?" खांबाजवळून एक पोरगा म्हणाला.

बुधाजी थांबला. एवढंच त्याला ठरवता आलं नव्हतं.

"मी," पायरीवरून रईसाबी म्हणाली. डोक्यावरचा पदर सावरत ती उभी राहिली. "तीस सालापासून या देवाच्या नगाऱ्याले शेक देऊन राह्यली. थंड पडला, पाहवलं नाही. झालं नुकसान, माफी असावी."

सभामंडपात कुजबुज झाली आणि विरली. तो पोरगा खांबामागं सरकला. उत्तमरावांनी त्या भोकावर फडकं ओढलं. मग म्हणाले, "तुमाले माफी मांगाची गरज नाही, भाभी. मीच फसलो." ते रऊफभाईकडे वळले. आवाज एकदम मऊ झाला. "रऊफ, उद्या मंग तूच ये लेका. मशीन तर गेलं. इतके दिवस झालं ते झालं."

सगळ्या माना रऊफभाईकडे फिरल्या. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. जो मान त्याचा होता तो ते परत देत होते, आणि त्यांना चांगलं वाटत होतं. बुधाजीला वाटलं, आपण उठून काहीतरी बोलावं. पण शब्द दिला होता. त्याने खाली पाहिलं.

रईसाबीनं तोंड उघडलं, तेवढ्यात शालीतून आवाज आला.

"येतो," रऊफभाई म्हणाला.

८

सोमवारी पालखी निघायच्या वेळी सगळं गाव जुन्या नगाऱ्याभोवती जमलं होतं. तो बैलगाडीवर चढवलेला होता. रईसाबीनं त्याला शेक दिला आणि ती मागे सरली. रऊफभाईला दोघांनी हात देऊन गाडीवर चढवलं, आणि मग त्याने शाल काढून खाली ठेवली.

ते हात सगळ्यांनी पाहिले. रईसाबी पुन्हा पुढे झाली आणि तिने दोन्ही काठ्या त्याच्या मनगटांना चिंधीनं बांधल्या. उत्तमराव काहीतरी म्हणायला पुढे आले आणि परत मागे गेले. मोरोपंतांना दिसत नव्हतं, ते विचारत होते, "काय झालं? का थांबलंय?"

धामणखेडचे भोई पालखी ठोक्यावर उचलतात आणि ठोक्यावरच पाऊल टाकतात. बापजाद्यांपासूनची रीत. मशीन जागचं हलत नव्हतं, त्यामुळे गेल्या वेळी ही रीत मोडली होती.

पहिला ठोका पडला. त्यात जोर नव्हता, पण तो स्वच्छ होता. भोयांनी पालखी उचलली. दुसरा ठोका यायला वेळ लागला. रऊफभाईला खांद्यापासून सारा हात वर न्यावा लागत होता, मनगट काहीच करत नव्हतं. ठोका पडला, भोयांनी एक पाऊल टाकलं.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "असं चाललं तर सांज होते." उत्तमराव बुधाजीच्या कानाशी म्हणाले, "मशीनच्या तोंडासाठी मी आज अकोल्याले फोन केला. उद्यापासून ते लागनच नं, बुधाजी? रोज दोन वेळ याच्यानं होनार नाही." ते खरंच होतं. बुधाजी हो म्हणाला. मग नाही म्हणाला. मग त्याने मान हलवली, तिचा अर्थ त्यालाही सांगता आला नसता.

तिसरा ठोका पडला, चौथा पडला. रऊफभाईच्या कपाळावर घाम आला. त्याने हात वर नेला आणि तो वरच राहिला, दुखण्यानं की दम घेण्यासाठी, ते खालून कळत नव्हतं.

चारही भोयांनी एक-एक पाय उचललेला होता. खांद्यावर देव, खाली चिखल. त्यांनी तो पाय टेकवला नाही. मागची सारी माणसं थांबली, पोरं थांबली, पंतांचे मंत्र थांबले. सगळं गाव त्या एका हाताकडे पाहत एका पायावर उभं राहिलं.